साहेबाचे सिगार आणि जामसरची पोशी

जामसरच्या पोशीचा राग सगळ्या मुलखाला ठाऊक होता. नवऱ्याला ठाऊक होता, तो बिचारा लवकर सुटला. शेजाऱ्यांना ठाऊक होता, म्हणून त्यांच्या कोंबड्या चुकूनही तिच्या अंगणात दिसत नसत. आणि मोखाड्याच्या बाजारातल्या तंबाखूवाल्यांना तर असा ठाऊक होता की ती चढण चढून येताना दिसली, की गुळाचं पाणी मारलेल्या जुड्या ते मुकाट गोणपाटाखाली सारत आणि खरा माल पुढे मांडत. "आली," एवढंच एकमेकांना सांगत. कोण आली, हे विचारायची गरज कुणाला पडत नसे.

पोशीला नाक होतं. सगळ्या पाड्याचा तंबाखू ती एकटी निवडून आणायची. पान कानाशी धरून हलकेच दाबायचं, मग नाकाशी न्यायचं, शेवटी चिमूटभर जिभेवर. एवढ्यावर तिला कळायचं की पान किती दिवस पोत्यात घामेजलं आणि ते ज्या घरात पडून होतं त्या घरात काय काय शिजलं. एका माळकरी वाण्याला तिने भर बाजारात विचारलं होतं, "सुके बोंबील कोणचे कोपऱ्यात ठेवतंस रे? तंबाखूला वास लागलाय." त्या वाण्याने पुन्हा कधी तिच्याशी घासाघीस केली नाही.

लोक तिला तोंडाळ म्हणत. तिला खोटं सोसत नसे, एवढंच खरं, आणि खोटं तर त्या दिवसांत पायलीला पन्नास मिळत होतं.

जव्हारला तेव्हा संस्थानी अंमल होता. खाली मुंबईत चैत्र-वैशाख तापला की कुणी ना कुणी गोरा पाहुणा हवा खायला वर बंगल्यावर यायचा. साहेबाची सुट्टी म्हणजे डोंगरातल्या पाच-पन्नास माणसांची वेठ. साहेब विसावा घेणार म्हणून कुणी त्याच्या आंघोळीचं पाणी वाहायचं, कुणी पंखा ओढायचा, कुणी रानात हाका घालून जनावर त्याच्या बंदुकीपुढे आणायचं. फुकट. आणि तेही नेमकं राब भाजायच्या दिवसांत, जेव्हा भाताच्या रोपासाठी जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळायचा असतो आणि एकेक हात हवा असतो. पण राब साहेबाला दिसत नाही आणि त्याच्या पुढेमागे करणाऱ्यांना बघायचा नसतो.

त्या वर्षीचा साहेब मोठ्या हुद्द्याचा होता. दारू बेताची, शिकार बेताची. सिगारापुढे मात्र त्याला दुसरं काही सुचत नसे. रोजचे सिगार वेगळे आणि सुट्टीचे वेगळे, असा त्याचा नेम. सुट्टीसाठी म्हणून त्याने सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावरचे खास सिगार मागवले होते, सुवासिक लाकडाच्या चार पेट्या भरून. प्रत्येक सिगाराच्या कमरेला सोनेरी कागदाचं कडं. इगतपुरीच्या स्टेशनापासून या पेट्या डोक्यावरून आल्या, आणि ते डोकं होतं पोशीच्या मुलाचं, लाडक्याचं.

लाडक्या आईवर अजिबात गेला नव्हता. दोन लेकरांचा बाप, पण आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. पेट्या उन्हात तापू नयेत म्हणून ओलं गोणपाट टाक म्हणून सांगितलं, तर हा प्रत्येक ओढ्यावर थांबून गोणपाट भिजवत आला. पेट्या बंगल्यावर पोचवल्या आणि हात जोडून घरी निघून आला.

सहा दिवसांनी शिपाई आला आणि त्याला घेऊन गेला. साहेबाच्या पेट्यांत वरची रांग खरी निघाली होती आणि खाली खऱ्यांत भलतेच चिरूट मिसळलेले. बंगल्यावरच्या कारकुनाने लगेच निदान करून टाकलं: वाटेत हमालाने बदलले. आता जामसरच्या माणसाने सोनेरी कडी काढायची, ती मोजून दुसऱ्या चिरुटांना चढवायची, पेट्यांना पुन्हा पहिल्यासारखे खिळे मारायचे. मुळात त्याला ते दुसरे चिरूट कुठल्या झाडाला लागलेले मिळणार होते? पण हे विचारणार कोण? लाडक्याला तबेल्यामागच्या चिंचेला बांधला आणि त्याच चिंचेचे फोक काढून मारला. चोरी कबूल करेपर्यंत सोडायचा नाही, असं ठरलं.

ही बातमी पाड्यातल्या नवशाने आणली. तोही वेठीला होता, तिथूनच पळत आला होता. पोशी तेव्हा राबावर पाला पसरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "चोर बोलले त्याला?"

"सगळ्यांदेखत बोलले," नवशा म्हणाला.

मार भरून निघतो. चोर हे नाव निघत नाही. त्या डोंगरात चोराच्या घरचा विस्तवसुद्धा कुणी आपल्या चुलीला नेत नसे. लाडक्याच्या लेकरांना उद्या पोरी कोण देणार होतं? पोशीने हातातला पाला खाली टाकला आणि सुनेला, हौशीला, न सांगताच जव्हारची वाट धरली. तिला मुलगा सोडवून आणायचा होताच. पण ज्या तोंडांनी चोर म्हटलं त्याच तोंडांनी चोर नाही म्हटल्याशिवाय तिला परत यायचं नव्हतं.

दिवस माथ्यावर यायच्या आत ती बंगल्यावर पोचली. आधी तबेल्यामागे गेली. लाडक्या चिंचेशी बसला होता, हात मागे बांधलेले, आणि पाठीकडे तिने एकदाच बघितलं. जवळ गेली नाही. जवळ गेली असती तर रडू फुटलं असतं, आणि रडायला ती आली नव्हती. शिपाई आडवा आला तर त्याला म्हणाली, "हात लावशील तर चावीन." तो बाजूला झाला.

व्हरांड्यात साहेब मेजाशी बसला होता. मोखाड्याकडच्या रानात आठ दिवस तंबू ठोकून राहायचा बेत होता आणि त्यासाठी सिगार निवडणं चाललं होतं. पोशी पायरीवरच थबकली. साहेब सिगार उचलायचा, कानाशी धरून दोन बोटांत हलकेच दाबायचा, मग डोळे मिटून नाकाखालून फिरवायचा. हुबेहूब तिच्यासारखं. फक्त याला नीट येत नव्हतं. हातातला वाईट आहे हे तिला पायरीवरून कळलं, आणि त्याने तो चांगल्यांत ठेवला.

"ए बये, मागे हो!" कारकून ओरडला. भर वैशाखात त्याच्या अंगात काळा कोट होता.

"तो बाजूला काढ," पोशी साहेबाला म्हणाली. डोंगरातली माणसं देवालाही अरे-तुरे करतात, साहेबाची काय कथा. ती सरळ वर चढली, तो सिगार उचलून तिने हुंगला आणि मेजाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. मग त्याच्या शेजारचा. मग पुढचा. कारकून धावून आला तेव्हा साहेबाने हात वर करून त्याला थांबवलं. त्याला गंमत वाटली होती. पोशीने टाकलेला एक सिगार त्याने पेटवला, दोन झुरके घेतले आणि थुंकला. तिने ठेवलेला एक पेटवला आणि खुर्चीत मागे रेलला. मग चारही पेट्या त्याने तिच्यापुढे लोटल्या.

पोशी निवडत गेली. एकीकडे खरे, एकीकडे खोटे. खोट्यांचा ढीग वाढत चालला तसा तिला त्यांचा आणखी एक वास यायला लागला. तंबाखूचा नाही, ओल्या गोणपाटाचा नाही, रानाचा नाही. तिने तीन-चार सिगार एकदम नाकाशी धरले. मग उठून कारकुनाजवळ गेली आणि त्याच्या कोटाची बाही हुंगली.

"कापूर," ती म्हणाली. "ह्याचे कोटाला हाय, तोच सिगाराला हाय. आमचे पाड्यात कोणचे घरी कापूर हाय रे? कोट जे पेटाऱ्यात ठेवतंस, तेच पेटाऱ्यात हे होते. खरे अजून तेथंच असतील. बघा जा."

साहेबाला भाषा कळली नसेल, पण बाहीजवळचं नाक कळलं. त्याने कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने फरशीकडे. पंखा ओढणारा गडी ओढायचा थांबला. आता पडतो फोक त्या काळ्या कोटावर, असं सगळ्यांना वाटलं.

आणि साहेब हसला.

काय करणार? कारकुनाला काढलं तर तंबू कोण ठोकणार, घोडी कोण आणणार, हाका घालायला माणसं कोण गोळा करणार? सुट्टीत कटकट नको. खऱ्या सिगारांचा ढीग आठ दिवस पुरून उरेल एवढा होता. त्याने कारकुनाला चार शब्द सुनावले, त्यातही हसू होतं. मग तबेल्याकडे हात केला. शिपायाने लाडक्याला सोडून आणला. जमिनीशी मान घालून तो पायरीखाली उभा राहिला. साहेबाने खऱ्यांतला एक जाडजूड सिगार उचलला आणि मोठ्या मनाने पोशीपुढे धरला.

इथे साहेबाला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगायला हवी. त्या डोंगरात भांडण मिटतं ते तंबाखूवर. ज्याने दुखावलं तो तंबाखू पुढे करतो. समोरच्याने घेतला की भांडण संपलं; मग ते पुन्हा उकरून काढायचं नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. पोशीने त्या सिगाराकडे बघितलं. असा तंबाखू तिच्या नाकाने जन्मात अनुभवला नव्हता, आणि तो हवासा वाटला याचाच तिला जास्त संताप आला.

तिने हात मागे घेतला. "पहिले बोल, माझा पोऱ्या चोर नाय. मग घेईन."

साहेबाने कारकुनाकडे पाहिलं. कारकून इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि साहेब पुन्हा हसला, या वेळी मोठ्याने. पोशीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण आपण जे म्हटलं त्याला कुणी असं हसणार नाही, एवढं तिला येत होतं.

मग तिने दोन्ही हात मेजावर पसरले आणि दोन ढीग एकमेकांत कालवले. चांगले ढवळले, वरचे खाली, खालचे वर. कडी सगळ्यांची सारखीच सोनेरी. साहेबाला फरक कळायचा तो पेटवल्यावर. न पेटवता सांगणारं नाक सगळ्या संस्थानात एकच होतं आणि ते या घटकेला रागाने लाल झालं होतं.

"आता निवड," ती म्हणाली.

साहेब ताडकन उठला. कारकुनाने काही बोलायला तोंड उघडलं, साहेबाने त्याला एका शब्दात गप्प केलं. मग आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत पोशीलाच विचारलं, "क्या मंगता? क्या?"

पोशीने पायरीखाली बोट दाखवलं. "चोर नाय." शब्द दोनच होते, आणि त्यातला पहिला साहेबाला हिंदुस्थानात उतरल्यापासून पाठ होता.

साहेबाने लाडक्याकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच. "चोर नहीं," तो म्हणाला.

"मोठ्याने बोल."

"चोर नहीं! चोर नहीं!" साहेब ओरडला. व्हरांड्यातले शिपाई, पंख्याचा गडी, घोड्यांचा मोतद्दार, सगळ्यांनी ऐकलं.

"आता ह्यो बोलंल," पोशी कारकुनाकडे वळून म्हणाली. साहेबाने डोळे वटारले तेव्हा कारकूनही बोलला, घशातल्या घशात, कोटाच्या कॉलरमध्ये. पण बोलला. नवशा धापा टाकत मागून पोचला होता, त्यानेही ऐकलं. म्हणजे उद्या पाडाभर होणार होतं.

साहेबाने सुटकेचा श्वास टाकला, ढिगाकडे बोट केलं, म्हणजे आता निवड लवकर, आणि तोच सिगार पुन्हा पुढे धरला. पोशीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. शब्द मिळाला होता. पण हा माणूस ते लाडक्यासाठी बोललाच नव्हता, सिगारांसाठी बोलला होता. तिला अंगभर संताप चढला, आणि त्याचं काय करावं हे आयुष्यात प्रथमच तिला सुचेना.

तिने सिगार घेतला. खाली उतरून तो लाडक्याच्या हातात दिला. "मार तुझे पाठीवर पडलाय. मिटवायचा का नाय तां तूच बघ."

लाडक्याने सिगार हातात धरला. उलटासुलटा करून बघितला. मग साहेबाच्या खांद्याशी अजून तस्साच उभ्या असलेल्या काळ्या कोटाकडे बघितलं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, तो चार पायऱ्या चढला, सिगार त्या कालवलेल्या ढिगात खुपसला आणि वरून हाताने ढीग नीट सारखा केला.

"आये, चाल," तो म्हणाला. "पाठ दुखतंय."