हिरवा हाय का, भाऊ?

"हिरवा हाय का, भाऊ?"

आभाळ नुसतं गुरगुरलं, की भिंतीपलीकडून हा प्रश्न यायचा. नेहरू नगरातल्या आमच्या शेजारीण ताई, कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यातून रिटायर झालेल्या. ढग दिसले की गल्लीभर टीव्ही-फ्रिजचे प्लग काढायला लावणारं असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. ताईंच्या स्वतःच्या घरात मात्र एक प्लग काढता येत नसे. त्यावर भाऊजींचं ऑक्सिजनचं मशीन चालायचं.

म्हणून त्यांनी मीटरपाशी सर्ज अरेस्टरची डबी बसवली होती. विजेच्या कडाक्यानं तारेत उसळलेला दाब ती जमिनीत सोडते. डबीला इवलीशी खिडकी. हिरवी म्हणजे जिवंत, लाल म्हणजे संपली. तशीच एक त्यांनी माझ्याही घरी दटावून लावली.

"एवढीशी डबी आभाळाशी भांडणार?"

"हसून घे. टीवी जळला तं रडू नोको."

उन्हाळ्यात ताई दोन्ही घरांच्या अर्थिंगच्या खड्ड्यांत रोज पाणी ओतायच्या. आयती ओल पाहून मी तिथे पुदिना लावला.

"भाऊ, पानी तारेसाठी हाय, चटनीसाठी नाई."

मग वैशाखातली ती दुपार. धुळीचं अंधड आलं, पहिलाच कडाका जवळ पडला. या वेळी हाक आली नाही. ताई स्वतःच फाटकात उभ्या.

"माझा लाल झाला. तुझा दे."

उतई गावाच्या बाजूनं दुसरा ढग चढत होता. रस्त्यावर झाड आडवं. मशीन जळलं, तर जवळचं छोटं सिलिंडर फार वेळ पुरणार नव्हतं. मी मेन स्विच बंद करून डबी उपसली, आणि घरच्यांना पंखा हवा म्हणून मेन पुन्हा चालू करून पळालो. शहाणाच मी.

ताईंनी भाऊजींना सिलिंडरवर घेऊन मेन पाडला. मी डबी जागेवर दाबू लागलो. ती बसेना.

"उलटा हाय."

"कोण, मी?"

"दोघंबी."

मास्कखाली भाऊजी हसले, आणि खोकत सुटले. खोकला थांबेना. अखेर खट्‌ झालं. मेन वर, मशीन घुरघुरलं, आणि वीज कडाडून घराच्या खिडक्या पांढऱ्याफेक झाल्या. दिवा लुकलुकला. आम्ही तिघं मशीनकडे पाहत राहिलो. ते चालूच होतं.

ताईंनी डबीकडे पाठ केली होती. हळूच म्हणाल्या, "हिरवा हाय का, भाऊ?"

"हिरवा हाय."

त्या तिथेच जमिनीवर बसल्या. तेवढ्यात माझ्या घरातून जळका वास आला.

"प्लग काढला होता?"

मी पुदिन्याकडे पाहिलं.

पुढे एका थंडीत भाऊजी गेले, झोपेत, मशीन चालू असताना. काही दिवसांनी ताई माझी डबी परत घेऊन आल्या. "घे. आता माझ्याकडे जळन्यासारखं काई नाई." मग लेकीकडे राहायला गेल्या. घराला कुलूप आहे.

अजूनही गुरगुरलं की मी स्टुलावर चढतो, खिडकी पाहतो, आणि भिंतीकडे तोंड करून सांगतो, "हिरवा हाय, ताई." मग उतरून आधी टीव्हीचा प्लग काढतो.