मटणातली मोहाची

आमच्या किन्हवलीत लग्नाच्या हळदीचं मटण शिजवायला एक आचारी येतो. येताना मोहाच्या दारूची बाटली आणतो. तिच्यात ओवा, दालचिनी आणि कसलीशी काळी मुळी बुडालेली असते. मुळी कसली, असं विचारलं की म्हणतो, "जंगलातली हाय."

अर्धी बाटली हाच पितो, असा माझा संशय. म्हणून पुतणीच्या हळदीला मी चुलीपाशीच ठाण मांडलं. त्यानं थोडी जाळावर शिंपडली, भडका निरखून बघितला आणि उरलेली सगळी टोपात ओतली. मग स्वतः बाजूला कांदा-भाकर घेऊन बसला.

"तुमी मटण नाय खात?"

"या बाटलीचं नाय खात."

"का?"

त्यानं हसत कांदा फोडला.

पहिलं ताट मी मोठ्या मानानं आमच्या थोरल्या जावयापुढं ठेवलं, माझं नंतर बघू म्हटलं.