झोपेतलं आवर्तन

सांगलीत हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे मी बारा वर्षं रक्त काढतेय. बाटल्या लॅबला जातात, किस्से तेवढे माझ्याकडे उरतात. परवा चहाला बसलो तर एकातून एक निघतच गेले.

कुपवाडचे एक काका, कायमची नाइट शिफ्ट. डॉक्टरसरांनी त्यांना सकाळी, उठल्या उठल्या रक्त द्यायला सांगितलेलं. काका संध्याकाळी सहाला हजर! "आवं मॅडम, आत्ताच उठलोय की." मला हसू आवरेना. सर मात्र हसले नाहीत, यांच्या शरीराची सकाळ आत्ताच असेल म्हणाले.

मग साताऱ्याकडचे एक रिटायर सुभेदार, आबा. सोबत नात तनुजा, तेरा वर्षांची, वर्गात सगळ्यांत बुटकी. तिला फौजेत जायचंय आणि भीती एकच, उंची कमी पडेल. मी दर अर्ध्या तासाने रक्त काढायला लागले तसे आबा भडकले, एकदा काढून भागत न्हाई व्हय? सरांनी समजावलं, वाढीचं हॉर्मोन कॅनॉलच्या आवर्तनासारखं पाळीपाळीने येतं, मधेच बघाल तर पाट कोरडा. मोठं आवर्तन गाढ झोपेत सुटतं. वय झालं की पाणी कमी होत जातं.

त्या टेस्टआधी एक गोळी देतात, तिने पोरांना गुंगी येते. तनुजा झोपली, तिच्याकडे बघत आबा पेंगले, मग रिसेप्शनची बाईही. पंखा तेवढा फिरत होता. माझेही डोळे जड झाले. वाटलं, आपल्याही अंगात आत्ता कुठेतरी पाणी सुटलं असेल. फार बरं वाटलं बघा. सरांनी दार उघडलं आणि हळूच लावून घेतलं.

रिपोर्ट नॉर्मल! गोची वेगळीच होती. भरतीची तयारी म्हणून आबा तिला रोज पहाटे चारला उठवून पळवत होते. पोरीला झोपू द्या, सर म्हणाले. आठवड्याने आबांचा फोन. नवाला घरातले सगळे दिवे बंद, टीव्ही बंद, दारात स्वतः पहाऱ्याला. "समदं घर घोरतंय, मॅडम. पोरगीच तेवढी जागी हाय."

सरांनी आधी पहारा उठवला.

सहा महिन्यांनी दोघं परत आले. मोजलं, तर तनुजा तीन सेंटिमीटर वाढलेली! पोरगी नाचायलाच लागली. म्हणाली, आबा, आता तुमी उभं ऱ्हावा.

आबा सावधानमध्ये ताठ उभे राहिले. फौजेच्या कागदावर होती त्यापेक्षा उंची तीन सेंटिमीटर कमी भरली. मी पुन्हा मोजली. तेवढीच. मला सांगवेना, शेवटी त्यांनीच खोदून विचारलं.

ऐकून आबांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"मग उंची घरातच ऱ्हायली की."