दोघांच्या घरचं जेवण
भाजलेल्या वांग्याचा वास आला, की मला दौंडजवळचा तो बांध आठवतो. साठ सालानंतरची गोष्ट. दोन सख्खे भाऊ त्या बांधावरून कोर्टात भांडत होते, आणि जागा पाहून अहवाल द्यायला कोर्टानं मला, नव्या वकिलाला, कमिशनर नेमलं होतं. उन्हात मोजणी उरकली, तशी थोरल्याच्या बायकोनं जेवायला बोलावलं. मी म्हणालो, “नको वहिनी. माझी फी दोघांनी निम्मी-निम्मी कोर्टात भरलीय. एकाच्याच घरचं कसं खाऊ?” “मंग दोघांच्या घरचं खावा की!” म्हणत तिनं बांधापलीकडं जावेला हाक मारली. जाऊ वाटच पाहत असल्यासारखी गरम भाकरी घेऊन धावत आली. भरीत हिचं, भाकरी तिची. मी एकटा जेवेना, तेव्हा दोघे भाऊ अवघडून शेजारी टेकले. मग धाकटा हळूच म्हणाला, “दादा, कांदा घे की.” थोरल्याला हसू फुटलं, डोळेही भरले. पुढच्या तारखेला त्यांनी कोर्टात तडजोड लिहून दिली. अहवाल लिहावाच लागला नाही, म्हणून मी फी घ्यायला संकोचलो, तर थोरला म्हणाला, “घ्या सायेब, तुम्ही जेवला त्याची हाय ती.” आज इतक्या वर्षांनी वाटतं, माझ्या वकिलीतली सगळ्यांत रास्त फी तीच.