काळजीचा पैरा

कुणी एकटं राबताना दिसलं की शालनकाकींना सोसत नसे. मी मलकापुरात नवी राहायला आले, तेव्हा पहिल्याच रविवारी अंगणात ओली गोधडी पिळत होते. कुंपणापलीकडून एक नऊवारीतली बाई तरातरा आली, नाव-गाव न विचारता तिनं गोधडीचं दुसरं टोक धरलं आणि असा पीळ दिला, की मीच गर्रकन फिरले! "ह्ये दोघींचं काम असतंय, बाई," एवढं बोलून ती आपल्या म्हशीकडे परत गेली. ही आमची ओळख.

काकींचं माहेर औंधकडचं. तिकडे एक बैल यांचा, एक शेजाऱ्याचा, अशी जोडी जमवून आज तुमचं रान, उद्या आमचं, असा पैरा चाले. पुढे नवरा गेला, मुलगा सांगलीला नोकरीला लागला, शेती सुटली. काकींचा पैरा काही सुटला नाही. पापड असोत की लोणचं, आज तुझ्या घरचं, उद्या माझ्या.

पाच वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ लागली. तपासणी झाली, रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता. मी कुणालाच बोलले नव्हते. पण दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा बादलीत भिजवताना काकींनी मला पकडलं, आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. वाटलं, आता म्हणतील, देवावर भरवसा ठेव. छे! काकींनी पदर खोचला.

"किती दिसाचं काम हाय?"

"कसलं काम?"

"काळजीचं गं! आठ दिस? बरं. ती मला दे. माझी म्हस गाभण हाय, दिस भरल्यात. तिची काळजी तू कर. पैरा!"

मला हसू आलं, तर त्या उखडल्या. "दात काय काढतीस? आपली काळजी आपल्याला करता येत न्हाई. लय वंगाळ करतो आपण. दुसऱ्याची कशी, बेतानं हुती."

झालं! मी भूगोल शिकवणारी बाई, सकाळ-संध्याकाळ गोठ्यात. म्हशीनं वैरण खाल्ली का, कास भरली का, आज उदास का दिसते? तिकडे काकी दिवसातून दोनदा लॅबला फोन करत. तिथला माणूस त्यांचा आवाज ऐकूनच "आज्जी, अजून नाही!" म्हणायला लागला. माझा चेहरा जरा उतरला की कुंपणावरून हाक यायची, "ए, माझ्या रानात कशाला शिरलीस? तुजं तू बघ!" आणि खोटं कशाला सांगू, एका सकाळी जाग आल्यावर मला आधी म्हैस आठवली, मग गाठ. त्या दिवशी चहा गोड लागला.

म्हैस सातव्या दिवशी व्याली, छान रेडी झाली. आठव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ साधी होती. काकींनी लॅबच्या पायरीवर बसकण मारली आणि मोठ्यानं गळा काढला. गाठ माझी, आणि पाणी मी त्यांना पाजत होते!

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा सांगलीहून गाडी घेऊन आला. "आईचं हृदयाचं ऑपरेशन हाय," तो म्हणाला. "मागच्या सोमवारीच करायचं ठरलं हुतं. पर म्हणाली, हातात काम घेतलंय, आठ दिस जमायचं न्हाई."

मला रागच आला. "काकी, स्वतःची खरी काळजी लपवलीत, आणि मला म्हैस दिलीत?"

"तुला झेपंल तेवढंच दिलं. आता हायस धडधाकट, तर ही माझी घे," म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

सांगलीत ऑपरेशन थिएटरबाहेर मी चार तास बसले होते. बेतानं? कसलं बेतानं! डोळ्यांचं पाणी खळेना. स्वतःच्या गाठीसाठी मी इतकी रडले नव्हते. तेव्हा कळलं, दुसऱ्याची काळजी बेतानं होते ही काकींनी मला मारलेली चक्क थाप होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. माझं सुजलेलं तोंड न्याहाळलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"किती केलीस गं! बास आता. दे माझी मला परत."

"नाही देणार," मी म्हणाले.

त्यानंतर काकी तीन वर्षं होत्या. मी ती परत दिलीच नाही.