वाढवलेल्या बांगड्यांचा आवाज

मनीषाचे डोळे पांढरे झाले होते. दातखीळ बसलेली, ओठांच्या कडेला फेस, आणि दोन्ही हात कोपरात वाकून जोरजोरात हलत होते. सलाईनचा स्टँड कलंडून भिंतीला टेकला होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी तिला कुशीवर वळवलं, पदरानं तोंड पुसलं आणि ओरडले, "सिस्टर, सुनेला झटका आलाय. लवकर या."

मनीषा माझी सून. पोटुशी, दिवस भरत आलेले. तिला जन्मापासून ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. म्हणजे तिनं मला हाक मारली असेल असं कोणी म्हणू नये. पण मी बाहेरून आत आले ती तिची हाक ऐकूनच.

आधी माझ्याबद्दल सांगते, नाहीतर वाचणारे म्हणतील म्हातारी भोळी आहे. करणी, बाधा, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. माझ्या नणंदेच्या अंगात यायचं. एकदा मी तिच्या तोंडावर तांब्याभर गार पाणी मारलं, त्यानंतर कधी आलं नाही. या सदरात लोक आपले असले अनुभव लिहितात ते मी वाचते आणि अर्ध्याच्या वर मला खोटं वाटतं. माझंही कोणाला वाटलं तर वाटू द्या.

आम्ही दौंड तालुक्यातले. थोडी शेवंती, थोडी भाजी करतो. मुलगा दत्ता कुरकुंभला कंपनीत जातो, पण ठेकेदाराकडून, म्हणून कंपनीच्या दवाखान्याचं कार्ड नाही. मनीषाचं माहेर शिरूरकडचं. आई नाही, भावजय करणारी नाही, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण आमच्याकडेच ठरलं. खाजगी दवाखाना आम्हाला झेपणारा नव्हता. सरकारीत औषध, जेवण, न्यायला-आणायला गाडी, सगळं मोफत. तिथंच नाव घातलं. कोणता दवाखाना ते लिहीत नाही. त्यांना नाव ठेवायला मी बसलेले नाही.

घरात मनीषाला काही हवं असलं की ती बांगड्या हलवायची. तिला स्वतःला तो आवाज यायचा नाही, पण बांगड्या हलवल्या की मी वळते, एवढं तिनं आल्या आल्याच हेरलं होतं. तिची तऱ्हा ठरलेली — आधी जोरात, मग जरा थांबून हळू. जोरात म्हणजे इकडे बघा. हळू म्हणजे या. मी चुलीपाशी असो की वाफ्यात, ओळखायचे.

त्या दिवशी सकाळपासून ती कपाळ दाबत होती आणि डोळ्यांपुढं बोटं नाचवून दाखवत होती. हातपाय सुजलेले. दत्ता कामावर गेलेला, मी तिला दवाखान्यात नेलं. सिस्टरनं बीपी बघितलं, तोंड गंभीर केलं, गोळी दिली, डॉक्टरांना फोन लावला. मग सलाईन लावायला हात धरला, तर ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. साबण लावूनही निघेनात.

"आजी, फोडाव्या लागतील," सिस्टर म्हणाली.

शेजारच्या कॉटपाशी एक कासुर्डीची बाई होती, लेकीला घेऊन आलेली. माझ्याच वयाची, पण तोंडाला विसावा नाही. ती म्हणाली, "आवं सिस्टर, फोडाव्या न्हाई म्हणू. वाढवल्या म्हणावं. आन् सवाष्णीचा हात रिकामा नगं, एक तरी ऱ्हाऊ द्या."

"म्हणा काय म्हणायचं ते," मी म्हटलं. "सुई लागू द्या आधी."

सिस्टरनं फडकं ठेवून सगळ्या वाढवल्या. सलाईन डाव्या हाताला लागलं, उजव्यात एक बांगडी राहिली. काचा मी स्वतः गोळा करून डब्यात टाकल्या.

मी सिस्टरला म्हटलं, "हिला बोलता येत न्हाई. मला हितंच बसू द्या."

"आजी, आत नातेवाइकांना थांबता येत नाही. काही लागलं तर ती हातानं सांगेल की. तुम्ही बाहेर बसा."

बाहेर म्हणजे गेटजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथून दवाखान्याचं मोठं दार, मग केसपेपरची खिडकी, मग बोळ, बोळाच्या वळणावर बाळंतिणींची खोली आणि तिचं दार लावलेलं. दुपारची वेळ. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चाललेले.

थोड्या वेळानं कासुर्डीच्या बाईची लेक ओरडायला लागली. ते मात्र शेडपर्यंत येत होतं.

"काय गळा हाय तुमच्या लेकीचा," मी म्हटलं.

"बापावर गेलीय. त्यो बी सुई टोचली तरी गावाला सांगतो." मग म्हणाली, "तुमची बिचारी कशी करत असंल वो? सिस्टर लोकांचं ओरडण्यावर असतं. जी ओरडती तिच्याकडं पळत्यात."

ते मला लागलं, कारण खरं होतं. आत एकच सिस्टर होती आणि ती आता हिच्या लेकीपाशी, लेबर रूममध्ये असणार.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या. काचेच्या, भरल्या हाताच्या. मी कासुर्डीच्या बाईला म्हटलं, "हात हलवू नका वो."

"मी कुठं हलवतीय?" तिनं दोन्ही हात पदराखाली घेतलेले. "मला वाटलं तुमच्याच वाजत्यात."

मी विधवा बाई. माझ्या हातात काच नाही. मी दोन्ही हात तिच्यापुढं धरले. बांगड्या वाजतच होत्या. जोरात, न थांबता. मी हळू होण्याची वाट बघत राहिले... ते हळू झालंच नाही.

मी उठले. दारात दवाखान्याच्या मावशी आडव्या आल्या. "आजी, आत जाता येत न्हाई."

"सरक," म्हटलं आणि गेले. बोळात शिरले तसा आवाज बंद झाला. खोलीचं दार ढकललं तर समोर वर लिहिलं ते. हात हलत होते, आणि त्या हातांचा काही आवाज नव्हता. एक बांगडी वाजत नाही. ती वाजायला दुसरी लागते.

सिस्टर दुसरीचं बाळ मावशींच्या हातात देऊन तशीच धावत आली, हातमोजे रक्तानं भरलेले. दोन्ही कुल्ल्यांवर इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. डॉक्टर आले. ॲम्ब्युलन्समधून आम्हाला पुण्याला पाठवलं. गाडीत बसताना सिस्टरनं विचारलं, "आजी, दार बंद होतं. तुम्हाला कळलं कसं?"

"बांगड्या वाजल्या," मी म्हटलं. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं. मग तिनं गाडीचं दार लावलं.

पुण्यात ऑपरेशन करून मूल काढलं. मनीषा शुद्धीवर येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर ती वाटेतच गेली असती, आत्ताही काही सांगता येत नाही.

मी कपडे न्यायला घरी आले तेव्हा आधीच्या त्या दवाखान्यात थांबले. दत्ता म्हणत होता, "आई, हत्यारांचा ट्रे वाजला असंल." मला ते बघायचं होतं. कासुर्डीची बाई अजून तिथंच होती, नात झालेली. तिला म्हटलं, "आत जा, त्याच कॉटपाशी, आन् हात हलवा. मग ट्रे बी वाजवा."

"येड लागलं का वो तुम्हाला?" म्हणाली, पण गेली. मी शेडमध्ये त्याच जागी बसले. त्या वेळी रस्त्यावर ट्रॅक्टरही नव्हता. मला काही ऐकू आलं नाही. ती बाहेर आली, मनगट चोळत.

"ऐकलं का? मी चांगल्या दणक्यात हलवल्या, सिस्टर हसाया लागली. ट्रे बी आपटला."

"न्हाई."

"मग त्या दिशी काय ऐकलं आपण?"

उत्तरही तिनंच दिलं.

"देवानं ऐकवलं बाई."

"देवाला ऐकवायचंच होतं," मी म्हटलं, "तर झटका यायच्या आधी ऐकवायचं. तवा ती कपाळ दाबत एकटी पडली हुती."

तिला गप्प बसलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

आवाज एकटीनं ऐकला असता तर मी भास म्हणून सोडून दिला असता. पण दोघींनी ऐकला, आणि दुसरी माझ्या नात्याची ना गोत्याची. लोखंडी कॉटवर बांगडी आपटली असेल म्हणावं, तर टक् टक् असं झालं असतं, आणि तेही शेडपर्यंत आलं नसतं. दुसऱ्या कोणाच्या म्हणाव्यात, तर शेडमध्ये आम्ही दोघीच होतो. मी पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि कोणी पूजा-शांत सांगणार असेल तर ती मला नको आहे.

मुलगी झाली होती. काचेच्या पेटीत ठेवली होती, तिथंच गेली. मनीषा जगली.