माझ्याच अक्षरातला कागद

"खुर्चीवर नको. चपलांपाशी बसव तिला. वास येतो."

खांदा कॉलनीतल्या दवाखान्यात, खोलीभर पेशंटांसमोर, चुंबकानं उपचार करणारे सर असं म्हणाले. आईला मी पाठुंगळी घेऊन आलो होतो. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापलेला. तीन महिन्यांपूर्वी याच खोलीत ती स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

आई वीटभट्टीवर कामाला. तिला साखरेचा आजार. टाचेची भेग चिघळली होती. 'ऑपरेशनशिवाय खात्रीचा उपचार' ही सरांची पाटी मीच तिला वाचून दाखवली. घरात वाचणारा मी एकटा. कॉलेजात जाणारा तर वाडीत पहिला.

पहिल्या दिवशी सरांनी मजकूर सांगितला, मी उतरवून घेतला. 'साखरेच्या आजाराच्या गोळ्या मी स्वखुशीने बंद करीत आहे.'

"अक्षर सुंदर आहे रे तुझं," सर म्हणाले.

मी खूश झालो. काही विचारलं नाही. आईला वाचूनही दाखवलं नाही. तिनं अंगठा उठवला.

"तू लिवलंस ना, मंग बरोबरच असंल."

सर चुंबक बांधत राहिले. पाय काळा पडला. "विष बाहेर पडतंय," सर म्हणाले. आम्ही ऐकलं. शेवटी इस्पितळात पाय कापावा लागला.

त्या दिवशी जाब विचारायला आलो, तर त्यांनी तोच कागद माझ्या अंगावर फेकला.

"वाच मोठ्यानं. अक्षर कोणाचं? कॉलेजात शिकतोस ना?"

कोणीतरी हसलं. मी वाचला. शेवटी सरांची सही होती; तोच पुरावा. मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"ए, कागद दे इकडे."

"नाही देणार, सर."

तेव्हाही 'सर' म्हणालो. त्याची अजून लाज वाटते.

पोलीस म्हणाले, "अंगठा आईचाच ना? मग?" डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या मुंबईच्या कचेरीचं उत्तर आलं: ते नोंदणीकृत डॉक्टर नाहीत, सबब कारवाई आमच्या कक्षेत येत नाही. डॉक्टर नाही, म्हणून सुटला. त्याची नोंद कुठेच नाही. आईचा पाय मात्र गेला.

आता अलिबागच्या ग्राहक मंचासाठी अर्ज लिहिलाय. या वेळी एकेक ओळ आईला वाचून दाखवली. 'गोळ्या बंद करण्याचा कागद मी, तिच्या मुलाने, काही न विचारता, तिला वाचून न दाखवता लिहिला,' हीसुद्धा.

"ती ओळ नको लिवू. तुला बोल लागंल."

"लागू दे, आई."

तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग अंगठा दिला.

मंचासमोर सर माझं अक्षर दाखवतील. त्याआधी मीच दाखवणार आहे.